नानांचा चॉकलेटी स्वेटर

आमच्या नानांच्या स्वेटरवरून घरात किती भांडणं झालीत, तुम्हाला सांगितलं नाही का मी? नाना म्हणजे माझे वडील, पिंपळगावला असतात. लग्नानंतर आईने त्यांना गडद हिरवा स्वेटर विणून दिला. तेव्हापासून ते त्याला चॉकलेटीच म्हणतात. आई चिडते, "लोकर मी स्वतः निवडली होती." नाना म्हणतात, "दुकानदाराने फसवलं तुला."

तर परवा शाळेच्या तपासणीत माझ्या ओमला लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही असं निघालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "आजोबांना आहे का असं?"

मी लगेच म्हटलं, "सासऱ्यांना ना? नाही हो."

"सासऱ्यांना नाही, तुमच्या वडिलांना. हे वडिलांकडून मुलीत येतं, तिला सहसा काही जाणवत नाही, आणि पुढे तिच्या मुलात निघू शकतं."

मला एकदम तो स्वेटर आठवला.

रविवारी ओमला घेऊन पिंपळगाव गाठलं आणि नानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे पोराला..."

आईने कपाटातून तो स्वेटर काढला आणि ओमला जवळ ओढलं. "नानांचं ऐकू नको. तू सांग, हा स्वेटर कुठल्या रंगाचा?"

ओमने नीट निरखून पाहिलं. "चॉकलेटी."

नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "एवढी वर्षं या घरात मी एकटा पडलो होतो, बाई. तू साक्षीदार आणलास."