वस्तादांच्या नातवाला शिक्षा

मंडळी, आधी एक सांगा. सोळा वर्षांच्या पोरानं दुसऱ्याच्या पोराचा हात मोडून ठेवला, तर शिक्षा किती करायची? हं! मागून कोणीतरी म्हणालं, 'चार फटके द्या, विषय संपला!' आणि ही समोरची माऊली म्हणते, 'लहान आहे हो, समज द्या.' बसा! दोघंही नीट बसा, आणि ऐका.

एक शाळा होती. तिला वसतिगृह, आणि वसतिगृहाला लागून कुस्तीची तालीम. तिथले वस्ताद हिंदुरावआबा. नुसते खाकरले तरी पोरं ताठ उभी राहायची! पण या आबांचा जीव एकाच पोरात — रणधीर, लेकीचा मुलगा. राज्याच्या कुस्त्या तोंडावर आलेल्या.

वसतिगृहात नवा आला समाधान. आठवीतला. आता तिथल्या थोरल्या पोरांचा रिवाज — नव्याला मातीत लोळवायचं! आबांना ठाऊक होतं. 'चालायचंच, तालीम हाय,' म्हणून हसायचे. पण एका रात्री रणधीरनं दोघा दोस्तांना घेऊन समाधानला आखाड्यात दाबलं, हात पाठीमागं पिरगाळला. 'शरण आलो म्हण!' पोरगं म्हणेना. आणि — काडकन आवाज!

सकाळी आबांनी विचारलं, "काय रं झालं?"

रणधीर पुढं! "लढताना कोपार निखळलं, आबा."

समाधान गप्प. तालमीत चुगली करणारा हलका, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलेलं! आबांनी काय केलं? वस्तादच ते! निखळलंय समजून तेल लावलं, आणि दोन्ही हातांनी ओढलं. मोडलेलं हाड, मंडळी — ओढलं! पोरगं किंचाळून बेशुद्ध पडलं. आणि रणधीर? शेजारी तेलाची वाटी धरून उभा!

डॉक्टर म्हणाले, शीर दुखावली. हातात पुन्हा ताकद येईल की नाही, सांगता येत नाही. शुद्धीवर आल्यावर पोरानं सगळं सांगितलं. आबा दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. स्वतःच्याच हातांची त्यांना किळस आली.

शाळेत बैठक बसली. हेडमास्तर म्हणाले, "आबा, पोरंच आहेत. माफीनामा घेऊ, वर्ष कशाला वाया घालवायचं?"

रणधीरनं पाय धरले. "आबा, हजार जोर मारतो! दोन हजार सांगा!"

"जोर?" आबा कडाडले. "आरं, जोर मारून तू आनखी तगडा हुशील! ही शिक्षा व्हय?"

"मग त्याची सेवा करतो. त्याचं सगळं मी करीन."

आबांनी दवाखान्यात जाऊन समाधानला विचारलं. तो म्हणाला, "मला त्याचं तोंड बघायचं न्हाई."

"बराबर हाय, लेकरा," आबा म्हणाले.

आणि निघाले नातवाला घेऊन पोलीस ठाण्यात! लेक दारात आडवी. "आबा, तुमचंच रक्त हाय वो!"

"म्हणून तर मीच नेतोय."

आबांनी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. मोडलेला हात आपण ओढला, हेही लिहून दिलं. कायद्यानं पोराला जे द्यायचं ते दिलंच. तालमीची शिक्षा आबांनी दिली — "समाधान दोनी हातांवर एक जोर मारंल, त्या दिवशी तू लंगोट बांधायचा."

"आन् त्यानं कधीच न्हाई मारला, तर?"

"तर कधीच न्हाई!"

कठोर वाटतं? वाटू दे! मंडळी, उद्या तुमच्या दारात शाळेचा शिपाई येऊन असंच काही सांगेल. तेव्हा तुमच्या तोंडून आधी काय निघेल — 'आमच्याचं वर्ष वाया जाईल का?' की 'त्या पोराचा हात कसा आहे?' इथं सांगू नका. घरी जाऊन पोराच्या डोळ्यांत बघून सांगा!