पानाचा कोपरा

काय वाचते? अहो काका, काय नाही वाचलं ते विचारा. बसा ना, मी सरकते — उन्हात कशाला उभे राहता, मॅडम सव्वाचारशिवाय यायच्या नाहीत. पाटीवर चार लिहिलंय, ते नुसतं लिहिलंय. पोरीला शाळेतून आणायला लागतं त्यांना. तुम्हाला माहीतच असेल म्हणा, तुम्ही जुने दिसता इथले. किती, वीस वर्षं? मग या वाचनालयातलं एक पुस्तक तुमच्या हातातून सुटलं नसेल! मी आपली कालची. आठवीनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं मी. डबे करते — अंबडला कंपन्यांमध्ये पोरं आहेत ना, त्यांचे, पस्तीस डबे. आणि आता वर्षभरात अकरा पुस्तकं वाचली. पहिलं वाचलं ते यशाचं. यशस्वी कसं व्हायचं, त्याचं. पहिल्याच धड्यात लिहिलंय, पहाटे पाचला उठा म्हणजे यश तुमचंच. मी बावीस वर्षं साडेचारला उठते काका. कणीक मळते. मला कुणी सांगा, माझं यश नेमकं कुठल्या गल्लीत शिरलं?

मग एक इतिहासाचं, हे एवढं जाड, छातीवर ठेवलं तर श्वास लागायचा. लढायाच लढाया. सगळे मोठ्यानं बोलतात, कुणी साधं बोलतच नाही. आणि एवढी चाळीस हजारांची फौज चाललीय डोंगरातून, तर भाकरी कोण थापतंय? सहाशे पानांत एका ओळीत नाही. लिहिणाऱ्याला जेवण आयतं मिळत असणार. मग गच्चीतल्या बागेचं — ते बरं होतं, मिरचीचं रोप कसं लावायचं, पाणी किती घालायचं, खोटं काही नाही त्यात. मग भुताच्या गोष्टी. मैत्रीण म्हणाली, नको वाचू मोहिनी, झोप लागायची नाही. मला कसली भीती? त्यात एक मेलेला मुलगा रोज संध्याकाळी घराची कडी वाजवतो आणि त्याची आई दारामागं थरथरत उभी राहते. मी म्हटलं, काय बाई आहे! उघड की दार. मी असते तर आधी ताट वाढलं असतं.

असं बघू नका माझ्याकडं. सांगते ना. लपवण्यासारखं काय त्यात, सगळ्या सिडकोला माहितीय. ही पुस्तकं मी निवडलेली नाहीत. माझ्या सुयशच्या कार्डावरची आहेत. हे बघा कार्ड — तारीख, पुस्तक, सही. बारा नोंदी. तो ज्या क्रमानं घेऊन गेला त्याच क्रमानं मी नेते. पंचवीस वर्षांचा होता. येत्या ऑगस्टात वर्ष होईल. सोमेश्वरला — धबधब्यावर — वरून धरणाचं पाणी सोडलेलं होतं, खडकावर शेवाळ. पोलिसांनी पाय घसरून असं लिहिलंय. घसरूनच. घसरूनच पडला तो. मग मी कशाला वाचते, असं तुम्ही विचाराल. विचारलं नाहीत तरी कळतंय. तर आमच्या ह्यांना तसं वाटत नाही म्हणून वाचते. ते बोलत नाहीत काही. बोलतच नाहीत, तेच तर. चपला खडकावर होत्या ना त्याच्या — शेजारी शेजारी, नीट लावलेल्या. ज्याचा पाय घसरतो त्याच्या चपला अशा नीट राहतात का, असं पोलीस चौकीत कुणीतरी म्हणालं, आणि ते ह्यांच्या डोक्यात बसलं. अहो, पण मीच शिकवलंय त्याला! एवढासा होता तेव्हापासून, चपला फेकायच्या नाहीत, जोडीनं लावायच्या. पाण्यात पाय सोडून बसायला काढल्या असतील. हे मी किती वेळा सांगितलं. ते भिंतीकडं बघतात.

आणि मग मला रेघा सापडल्या. थांबा, दाखवते, पाणी पिते जरा. त्या यशाच्या पुस्तकात, सतराव्या पानावर — 'आज जमलं नाही म्हणजे कधीच जमणार नाही असं नाही.' त्याखाली पेन्सिलीची रेघ. सरळ, अगदी आखलेली, आणि शेवटी बारीक टिकली. मी म्हटलं, असेल कुणाची तरी. पण मग बागेच्या पुस्तकात तशीच. 'रोप वाळलेलं दिसलं तरी उपटू नका, आठ दिवस वाट बघा.' तशीच रेघ, तशीच टिकली. इतिहासात तर सतरा ठिकाणी. आणि मला एकदम कळलं हो. सुयश फिटर होता ना, आयटीआय केलेला. खिशात कायम सहा इंचाची स्टीलची पट्टी. घरातली दिनदर्शिका भिंतीवर तिरकी झाली तरी हा पट्टी लावून बघायचा. हातानं रेघ त्याला चालायचीच नाही. वाचताना पट्टी लावून रेघ मारणारा माणूस दुसरा कोण असणार? मॅडम चिडल्या होत्या, वाचनालयाच्या पुस्तकात रेघा मारतात का म्हणून खोडरबर घेऊन बसल्या होत्या. मी हात जोडले. म्हटलं, माझ्या पोरानं मारल्यात, त्याच्या वतीनं मी माफी मागते, पण खोडू नका. त्या माउलीनं नाही खोडल्या.

सगळ्या उतरवून काढल्या मी. ही वही. अकरा पुस्तकांतल्या एकशे चार रेघा. आणि एक पण — वाचून बघा हवं तर — एक पण मरणाची नाही. कवितांचं पुस्तक होतं, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, अर्धं पान कोरंच सोडतात, पण त्यातली ही ओळ: 'परत यायचं आहे, म्हणून दार नुसतं लोटून जातो.' याखाली रेघ. बघितलंत? आता जो माणूस या ओळीखाली रेघ मारतो तो — चष्मा बदलताय? बदला, बदला, अक्षर बारीक आहे माझं. आज ही वही ह्यांच्यासमोर ठेवणार आहे मी. म्हणणार, हे वाचा भारतराव, आणि मग सांगा तुमचा मुलगा कशासाठी गेला होता तिथं. एवढं झालं की बास. मग नाही बोलले माझ्याशी तरी चालेल. पण माझ्यामुळं गेला असं मनात धरून माझ्या हातचं जेवायचं नाही.

माझ्यामुळं असं कुणी म्हणालेलं नाही. मीच आपलं — काही झालं नव्हतं हो त्या दिवशी. नेहमीचं. कंत्राट संपलं होतं त्याचं कंपनीतलं, आठ महिने घरी होता. इथं यायचा, पुस्तक न्यायचा, खिडकीत बसून वाचायचा. आता आम्ही बौद्ध माणसं, आमच्या घरात वाचणाऱ्या पोराला कुणी उठवत नाही. माझे सासरे, सावळीरामबाबा, विहारात संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे, तिथं कुणी खोकलं तरी चिडायचे. त्या घरात मी बोलले. गॅस संपला होता मध्येच, पस्तीस डबे अर्धे राहिलेले, आणि हा खिडकीत पान उलटतोय. म्हटलं, वाचून वाचून काय दिवे लावलेस? ऊठ, बाहेर पड, आणि मला तोंड दाखवू नकोस. हे आत दाढी करत होते. त्यांनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत, असं म्हणायचं होतं मला. संध्याकाळपर्यंत तोंड दाखवू नकोस. तो शब्द राहिला बोलायचा. पुस्तक पिशवीत टाकलं त्यानं, दार लोटून घेतलं, गेला.

हे ते पुस्तक. बारावं. पिशवीत सापडलं, चपलांजवळ, कोरडं. खुनाचं आहे, डिटेक्टिव्ह. पुस्तकांची वर्षाची मोजणी आहे म्हणाल्या मॅडम, म्हणून आणलंय, नाहीतर एवढे दिवस त्यांनी एकदा मागितलं नाही. त्यांना विचारणार आहे, याची किंमत भरून घ्या आणि हे मला ठेवू द्या. चांगलं आहे हो हे. एका बंगल्यात म्हातारा मेलाय, घरात सहा माणसं, प्रत्येकजण खोटं बोलतोय. मला तो माळी वाटतो. पण मी अठ्ठ्याऐंशी पानांच्या पुढं गेलेली नाही, कारण तो अठ्ठ्याऐंशीवर थांबला. हे बघा — कोपरा. पानाचा कोपरा मोडून ठेवलाय त्यानं. मला सांगा, ज्याला परत यायचंच नाही तो कोपरा कशाला मोडेल? खुनी कोण हे त्याला कळायचं होतं ना! पाण्यात पाय सोडून यावं दोन मिनिटं, मग पुढं वाचावं, म्हणून मोडला. यातही रेघा आहेत, बघा, चाळिसाव्या पानावर एक, इथं एक. तशीच टिकली.

काय झालं? बरं वाटत नाही का? घाम आलाय तुम्हाला. पाणी घ्या, माझी बाटली आहे, उष्टी नाही. काय शोधताय खिशात, गोळी का? हळू —

हे काय?

पट्टी.

प्लास्टिकची आहे. ही कशाला दाखवताय मला? पेन्सिल... नाही, मला समजलं नाही. तुमचं पुस्तक कशाला उघडताय, मला नाही बघायचं तुमचं पुस्तक. काका, नका उघडू.

टिकली पण.

सगळ्या? बागेच्या पण? ते आठ दिवस वाट बघा — ते तुम्ही? तुम्हाला कशाला हवं होतं ते? दार नुसतं लोटून जातो, ते — ते तुम्हाला आवडलं म्हणून? नुसतं आवडलं म्हणून? वर्षभर मी माझ्या पोराशी — मी रोज डबे झाल्यावर ही वही घेऊन — वर्षभर मी तुमच्याशी बोलत होते? रडू नका. तुम्ही काय म्हणून रडता, तुमचं काय गेलं? वही द्या इकडं. द्या.

एकच सांगा मला. तुम्ही पानाचा कोपरा मोडता का? वाचता वाचता थांबलात तर — खुणेला कागद घालता, का कोपरा —

नको.

नका सांगू. मान हलवू नका, इकडं बघू पण नका. तिकडं बघा, रस्त्याकडं. एक शब्द बोलायचा नाही तुम्ही. मॅडम आल्या त्या, कुलूप काढतायत. जा आत. जा म्हणते ना. आणि तुमची पट्टी न्या ती.