कल्पनाच्या सुरीचं म्यान

—नाही नाही, भिंत नाही तोडत मी, भिंत कशाला तोडीन, घर माझंच आहे! ये, आत ये मृण्मयी, दारात नको उभी राहू. बाळ उठलं ना माझ्या ठोकाठोकीने? मला वाटलंच. वर पावलं वाजली तेव्हाच म्हटलं, आली, आता भाडेकरणीची बोलणी खायची. बस. ती खुर्ची नको, तिच्यावर सुया सांडल्यात — हां, इथे. हे बघ, हा सगळा आवाज ह्या एवढ्याशा भोकांचा. भोकं पाडल्याशिवाय चामड्यात सुई जात नाही. मतलब जाते, पण माझ्या बोटात जाते. हा खालचा ठोकळा भेरूगढच्या कापड-छपाईवाल्यांचा आहे, नक्षी झिजली म्हणून त्यांनी देऊन टाकला. त्याच्यावर चामडं ठेवायचं, वर टोचा, आणि मग हातोडी — नाही, नाही ठोकत आता. नुसतं दाखवलं.

काय बनवतोय? म्यान. हसू नकोस. तलवारीचं नाही गं, ह्या सुरीचं. आपल्या इथल्या देवास गेटला एक बॅगा दुरुस्त करणारा बसतो, त्याच्याकडून चामडं आणलं. तो म्हणाला, बाबूजी, लाओ मैं ही सिल देता हूँ. मी म्हटलं, नहीं भैया, खुद ही करूँगा. का म्हणजे? असंच. रिकामा माणूस, काहीतरी उद्योग हवा ना. आता हे पहिलं बघ — बघ आणि पोट धरून हस. मी उभा जन्म पीडब्ल्यूडीत नकाशे काढले, पुलांचे, शाळांचे, नाल्यांचेसुद्धा, रेघ केसभर हलली तर साहेबापेक्षा मीच जास्त परेशान. आणि इथे काय केलं? दोन्ही तुकडे एकाच अंगाने कापले. जोडायला गेलो तर एकाची गुळगुळीत बाजू वर, दुसऱ्याची खरखरीत! मग हे दुसरं. हे शिवलं झकास, पण चार वेळा सुरी आत-बाहेर केली तर टाके आतूनच कापले गेले. एकेक टाका. म्हटलं, हिला झाकून घ्यायचंच नाहीये. दोन दिवस सुरीकडे पाठ करायची हिंमत झाली नाही माझी, खोटं नाही सांगत. मग मोबाइलवर एका पोराचा व्हिडिओ पाहिला, तो म्हणतो मधे चामड्याचीच एक पट्टी घाला, म्हणजे धार पट्टीला लागेल, दोऱ्याला नाही. इतकं साधं! हे तिसरं, ह्यात पट्टी घातली, पण चामडं भिजवून सुरीवर दाबून बसवलं तर लोखंडाने काळं पडलं. सुरीच्याच आकाराचा डाग, अगदी टोकापर्यंत. घासला, धुतला, जात नाही. आणि हे चौथं — हे बोटभर आखूड झालं.

हात लाव, घे हातात, काही होत नाही. कल्पनाची सुरी ही. तुझी काकू. तू आलीस राहायला तेव्हा ती होती ना महिनाभर? हो, तुला पहिला चहा तिनेच आणून दिला. ही मूठ बघ, इथे अंगठ्याची जागा झिजलीय, तिच्या अंगठ्याची, माझा बसत नाही तिथे, माझा मोठा आहे. स्टीलच्या किती आणून दिल्या मी टॉवर चौकातून, तशाच पडल्यात फळीवर. तिला हीच लागायची. कांदा हिनेच, नारळाच्या शेंड्या हिनेच, दुधाची पिशवीसुद्धा हिनेच.

म्यान कशाला म्हणजे — उशीखाली असते ना ती. तसं का बघतेस? तुझ्या आईनेही ठेवली असेल की बाळाच्या उशाशी, सुरी नाहीतर अडकित्ता? ठेवलीय ना? हां. मग तुला काय सांगायचं. माझ्या बहिणीने ठेवली, वासंतीने. देवासला असते ती. तेरावं झालं, सगळे आपापल्या घरी गेले आणि मग — सांगू का? घाबरणार नाहीस ना? कल्पना यायची. पहाटे. ती उठायची त्याच वेळेला. पलंग पायथ्याशी असा दबायचा, मग शिकेकाईचा वास, मग बांगड्या. माझ्याकडे पाठ करून बसायची आणि वेणी घालायची, रोज घालायची तशीच, सावकाश, काही घाई नाही. मी आपला पडून. श्वास घ्यायची सोय नाही. हाक मारायची म्हटली तर जीभ उचलत नव्हती. असं किती दिवस चाललं, आणि एक दिवस वेणी घालून झाली तरी ती उठलीच नाही. बसून राहिली. आणि मान वळवायला लागली. अशी — हळूहळू — कान दिसला, कानातली कुडी दिसली, आणि मी ओरडलो. असा ओरडलो की समोरचे लोक धावत आले. तू बाळंतपणाला माहेरी होतीस तेव्हा.

वासंती त्याच दिवशी आली. बॅग टाकली आणि सरळ स्वयंपाकघरात, पहिली हाताला लागली ती सुरी उचलली. तिला काय माहीत कोणाची! कल्पनाचीच सुरी, कल्पनालाच अडवायला. उशीखाली ठेवली आणि म्हणाली, जयंता, वर्षश्राद्ध होईपर्यंत ही रात्री इथून हलवायची नाही, माझ्या गळ्याची शपथ. माझं पाकीट असायचं उशीखाली, ते काढून कपाटात टाकलं — म्हणाली, चामडं मधे आलं की लोखंडाचं काही चालत नाही. आणि बंद. त्या दिवसापासून एकदम बंद. पलंग नाही, वास नाही, काही नाही. पहिले आठ-दहा दिवस काय झोप लागली मला! मग एकदा पहाटे जाग आली आणि लक्षात आलं, मी वाट बघतोय. मला ती हवी आहे गं. तेव्हा भ्यायलो, हो, भ्यायलो, पण वळत होती ना ती! आता नुसती भिंत. भिंत आणि मी.

अगं, काढून नाही टाकता येत. वासंती रोज दिवेलागणीला फोन करते, सुरी ठेवतोस ना? मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून नाही, लगेच पकडते. पण म्यानात घालून ठेवली तर? ठेवली म्हटलं तर ठेवलीच की! शपथ मोडली नाही, आणि सुरीचंही काही चालणार नाही. कसं आहे डोकं? सरकारी नोकरीत एवढं तरी शिकलोच.

आता हे पाचवं झालं की — ते नाही. ते पेपरात गुंडाळलेलं राहू दे. राहू दे म्हटलं ना, ते फालतू आहे. बसत नाही त्यात. आखूड आहे. नाही, आखूड हे — ते सैल — अगं उघडलंस कशाला?

हो. चांगलं झालंय. टाके सरळ आहेत. कडाही घासल्यात, मेण लावलंय.

कधी म्हणजे — दिवाळीच्या आधी, ह्या चौथ्याच्याही आधी.

मग ठोकतोय कशाला? तुला खरं सांगू? ते चौथं आखूड झालं नाही, मी आखूड कापलं. फूटपट्टी लावली, पेन्सिलीने रेघ मारली आणि रेघेच्या आत कापलं. माझा हात चुकत नाही मृण्मयी. ठोकत राहिलं की म्यान झालेलं नसतं. आणि म्यान झालेलं नाही तोवर — तोवर ती सुरीमुळे येत नाहीये. कळतंय का तुला? बिचारी येऊ बघते, दारापर्यंत येते, पण वासंतीने सुरी ठेवली ना, मग कशी येणार? असं म्हणता येतं. चहा पिताना म्हणता येतं, आडवं होताना म्हणता येतं. आणि उद्या हिला ह्याच्यात घातली, उशीखाली ठेवली, पहाट झाली, आणि पलंग नाही दबला तर? मग कोणामुळे येत नाही ती? मी ओरडलो म्हणून? की कोणी येतच नव्हतं? मग मी काय करायचं? आणि आली — आली तर ती मान पूर्ण वळवेल. त्याचीही भीती वाटते. दोन्हीकडून भीती वाटते गं मला, म्हणून तर हे — काय करतेस? अगं नको. नको, मृण्मयी, ठेव ती खाली, मी सांगतोय ना, घालू नकोस —

बसली.

काही आवाजसुद्धा नाही झाला.

नाही, रागावलो नाही. माझ्या हातात नको देऊस. तिथे, टेबलावर ठेव. थांब, फोन — वासंतीच असणार. हां, वासंती. हो. जेवीन, आहे भाजी. हो, ठेवतो ना. उशीखालीच. नाही गं, आवाज कुठे, असाच आहे. हो. ठेवतो मी.

बघ, पकडलं नाही तिने.

तू जा आता. बाळ रडतंय वर, ऐकू येत नाही का? दार नुसतं लोटून घे, कडी नको. आणि ऐक, तुमच्या बाळाच्या उशाशी जी सुरी आहे ना, ती उघडीच राहू दे आज. आत्याबाई, मावश्या कोणी काही म्हणोत, झाकू नकोस. जा.