खंडेनवमीचा पंखा

हसा तुम्ही, पण खंडेनवमीला मी कुठल्याही यंत्रापाशी एकटा थांबत नाही.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका कारखान्यात होतो. तिथल्या मोठ्या पंख्याची थरथर मी काट्याच्या मीटरने मोजायचो. आमचे जुने फिटर वामनराव पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवून मुठीला कान लावायचे. रोजचं भांडण.

"वामनराव, तुमचा कान म्हातारा झालाय."

"अन् तुमच्या काट्याले काय समजते, साहेब?"

त्या खंडेनवमीला कारखाना बंद, वीज तोडलेली. पूजा आटोपून सगळे प्रसादाला बाहेर गेले. आम्ही दोघं निघणार, तर पंख्यावरचा झेंडूचा हार थरथरताना दिसला. पाती मात्र जागची हलत नव्हती.

"वारा असेल," मी म्हटलं.

"बंद शेडमंदी? मीटर लावा."

लावलं. काटा चढला, रोजच्याइतकाच. वामनरावांनी पूजेतला पेचकस उचलला. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत, तरी उचलला. कान लावला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"चालून राहिला, साहेब."

वर्षभर आम्ही एकमेकांना खोटं पाडायला टपलेलो. त्या दुपारी मात्र दोघांपैकी एक तरी खोटा निघावा, म्हणून दोघंही देवाचा धावा करत होतो.