मधली प्रकरणं

ईशानी: अगं पण आजी, त्यांनी वाचनालयाच्या फळ्यावर लिहिलंसुद्धा! 'शनिवारी मालतीबाईंचं महिन्याभराचं वाचन.' चांगलं मोठ्या अक्षरात.

मालती: मग पुसायला सांग. खडूच आहे, शिलालेख नाही.

ईशानी: इतकी वर्षं दर महिन्याला तू दुसऱ्यांना उभं करतेस. आणि मध्येच विचारतेस, "दुसऱ्या प्रकरणातल्या त्या आत्याचं काय झालं हो?" विलासकाका तर तुला बघूनच घाम पुसतात.

मालती: विलास न वाचता उभा राहतो. आत्या दुसऱ्या प्रकरणात वारली होती, आणि ह्यानं तिला शेवटच्या लग्नात जेवायला बसवलं.

ईशानी: आणि आता तुझी पाळी आली तर अंग काढून घेतेस?

मालती: आता विलास मला विचारेल.

ईशानी: विचारू देत की! बरं, मीच विलासकाका. महिनाभर काय वाचलंत, मालतीबाई?

मालती: ऑपरेशनच्या आधी चहाच्या मळ्यातल्या डॉक्टरीणबाईंचं पुस्तक. कागदावरचं. कुठूनही विचार.

ईशानी: तिच्या कुत्र्याचं नाव?

मालती: कुत्रा नव्हता. खेचर होतं आणि त्याला नाव नव्हतं. ती त्याला नुसतं "ऐक रे" म्हणायची.

ईशानी: बघ! अजून कुणाचं असं डोकं चालतं का दहिवलीत?

मालती: ते वाचलेलं. मग डोळ्याचं झालं, पुस्तक हातात धरायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं, आणि तू फोनवर ऐकायची पुस्तकं लावून दिलीस. पहिल्या दिवशी वाटलं, हे कसलं वाचन? कुणीतरी घास भरवतंय. पण त्या वाचणाऱ्या बाईचा आवाज चांगला निघाला. घाई नाही, उगीच रडवेपणा नाही. गोडी लागली मला.

ईशानी: मग अडलं कुठे?

मालती: त्या ऐकायच्या पुस्तकातल्या नावाड्याच्या विधवेपाशी. ती माहेरी जायला निघते. भावाशी कित्येक वर्षं बोलणं नाही. नदीकाठी पोचते, तिथे मी फोन बंद करून जेवायला उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी लावलं, तर ही भावाच्या चुलीपुढे बसून भाकऱ्या थापतेय! समेट झाला कधी? मी ऐकलाच असणार ना? मग गेला कुठे माझ्या डोक्यातून?

ईशानी: डुलकी लागली असेल.

मालती: सकाळी? चहा पिऊन? आणि एकदा नाही गं, रोज. रोज मधलं काहीतरी नाहीसं झालेलं असतं. आनंदीताईचं असंच सुरू झालं होतं. माझी थोरली बहीण. अख्ख्या कर्जतातल्या मुलांची बारशी तिच्या लक्षात. आधी कालची भाजी विसरली. मग नातवंडं. शेवटी शेवटी माझा हात धरून विचारायची, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

ईशानी: आजी...

मालती: तू लहान होतीस. म्हणून म्हणते, शनिवारी नको. घरात कळलं ते पुरे. सगळ्या गावादेखत नको.

(शेजारची गौराबाई मागच्या दारानं येते. हातात शेवग्याच्या शेंगा.)

गौराबाई: मालतीताई, शेंगा घ्या आमच्या दारच्या. आणि हे काय, दोघींची तोंडं अशी का? कोण गेलं बिलं का काय?

ईशानी: कुणी नाही गेलं, गौराआजी. शनिवारी वाचनालयात आजीनं पुस्तकाबद्दल बोलायचंय आणि ती नाही म्हणतेय.

गौराबाई: कंचं पुस्तक? त्या नावाड्याच्या बायकोचं? आता गं बाई, बोला की! काय ग्वाड हाय ते. भाऊ दार उघडीना, तवा माझी चूल इझली तरी मी उठले नाय.

मालती: कुठलं दार?

गौराबाई: भावाच्या घराचं.

मालती: तू ते कधी ऐकलंस?

गौराबाई: रोजच, दुपारी. पोरगा साजगावला कंपनीत, सून शिळफाट्याला दुकानात, घरात बोलायला माशी नाय. तुमीच नाय का ईशानीला बोललात, गौराच्या फोनात पण घालून दे म्हणून?

मालती: ते आठवतंय मला. ते दाराचं सांग.

गौराबाई: ती जाते, हाक मारते. भाऊ आत हाय, खोकतोय, पण कडी काढत नाय. दुसरी असती तर डोळं पुसत माघारी गेली असती. ही बसली ओटीवर. तिथं सुपात तांदूळ, निवडायचे राहिलेले. घेतलं सूप आणि लागली निवडायला. ऊन कललं तरी निवडतेच हाय. मग कडी वाजली. भाऊ भायेर आला. काय बोलला, ठाव हाय?

मालती: नाही. मला खरंच ठाऊक नाही.

गौराबाई: "खडे नीट बघ. परवा दात दुखला." बास. येवढंच.

मालती: ईशानी, हे मी ऐकलेलं नाही. हे ऐकलं असतं तर मी जन्मात विसरले नसते.

गौराबाई: पण मालतीताई, भाऊ रागावला कशापायी व्हता? ते काय त्या बाईनं सांगितलंच नाय.

मालती: सांगितलं की! आई गेली तेव्हा ही आली नाही म्हणून. नदीला पूर, होडी बंद, निरोप्या पलीकडच्या काठावरच अडकलेला. भावाला वाटलं, मुद्दामच आली नाही. अख्खी सकाळ तेच चाललं होतं.

गौराबाई: माझ्या फोनात नाय आलं.

ईशानी: थांबा, थांबा दोघी. गौराआजी, तुझा फोन दे बघू... अरे देवा.

मालती: काय झालं?

ईशानी: दोन्ही फोनवर मी माझंच अकाउंट घातलंय. आजी सकाळी जिथे थांबते, तिथून गौराआजीचं दुपारी सुरू होतं. आणि ती थांबते तिथून दुसऱ्या दिवशी आजीचं.

मालती: म्हणजे एकच पुस्तक आम्ही दोघी...

ईशानी: अर्धं अर्धं ऐकत होतात. महिनाभर. सॉरी, आजी.

मालती: गौरा, तुलाही रोज मधलं सापडत नव्हतं. तुला भीती नाही वाटली?

गौराबाई: भीती कशाची?

मालती: आपण विसरायला लागलो, अशी.

गौराबाई: मी कशाला इसरू? मला वाटलं, ती सांगणारी बाईच इसरते. वय झालं आसंल तिचं.

ईशानी: आजी! किती मोठ्यानं हसतेस! डोळ्याला जपून.

मालती: हसू दे गं. महिन्याभराचं तुंबलंय. तो फळा पुसू नका म्हणावं. आणि विलासला सांग, वाट्टेल त्या प्रकरणातलं विचार. दुपारची प्रकरणं गौरा सांगेल.

गौराबाई: मी? वाचनालयात? मी नाय बाई! तिथं सगळी शिकलेली माणसं.

मालती: विलासही तिथलाच आहे. त्याच्यापेक्षा तू अर्धं पुस्तक पुढे आहेस. शनिवारी नेसायचं लुगडं काढून ठेव.

ईशानी: आणि अकाउंट? आत्ता वेगळी करून देऊ?

मालती: करशील निवांत. आधी तुझ्या बाबाला फोन लाव. म्हणावं, बुधवारी रजा काढू नकोस, पनवेलचं रद्द.

ईशानी: का? डोळे दाखवायचेत ना?

मालती: ते डोळ्यांचे डॉक्टर नव्हते गं.