घुमट टायमाच्या आधी पोचला

फुटकं सूप! आता तुम्हीच सांगा, रशियाचा कृत्रिम चंद्र डोक्यावरून जाताना त्याचे फोटो काढायचा कॅमेरा, त्या कॅमेऱ्यावर बसवायचा बारा फुटी पत्र्याचा घुमट, आणि घुमटाच्या दोरीला अडकवलेलं फुटकं सूप! शनिवारी संध्याकाळी ते बघितलं आणि मी... घाबरले नाही हं, नुसती दचकले.

मुळात मला पाठवायलाच वेधशाळेतले आमचे सर तयार नव्हते. “बी.एस्सी. झालीस ते ठीक आहे, पण झुरळ पडलं तर टेबलावर चढतेस, आणि आलापल्लीच्या जंगलात घुमट घेऊन जाणार?” जाणार, म्हटलं! सोमवारी मद्रासचा कारागीर घुमट बसवायला येणार, तोही एकाच दिवसासाठी, आणि पाऊस सरून आकाश मोकळं व्हायच्या आत कॅमेरा तिथल्या टेकडीवर उभा राहायला हवा. सर म्हणाले, “घुमट वेळेत पोचला एवढी तार आली तर नोकरी कायम. नाहीतर टंकलेखन शिक.” आता एवढं ऐकल्यावर कोण घाबरणार नाही? मी दचकले फक्त.

वेळापत्रक मी स्वतः आखलं होतं, लाल शाईने! शुक्रवारी लॉरी चिखलात रुतणार हे त्यात नव्हतं, पण ठीक आहे, लटारूभाऊ भेटले, सागाचे ओंडके वाहणारी त्यांची चार चाकी गाडी भेटली, घुमट आतून पोकळ, अलगद चढला, सहा बैलजोड्या ठरल्या. आलापल्ली राहिली होती सात मैल. शनिवारी सकाळी म्हटलं, लटारूभाऊ, जुंपा. तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या आईलाच जुंपायला सांगितलं!

“आज पोळा हाय ना जी बाई! आजच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवू? काऊन, तुमच्या गावाले बैल नाईत काय?”

आहेत हो! पण आमच्या साताऱ्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तो कधीच होऊन गेला, मी निश्चिंत! माझ्या लाल शाईत पोळा नव्हताच. सहाही जोड्या शिंगं रंगवून, झुली घालून मिरवायला गेल्या आणि मी घुमटाशेजारी बसून राहिले. “उद्या उजाडल्या उजाडल्या नेतो,” लटारूभाऊ म्हणाले. बरं, रविवारी सात मैल, सोमवारी कारागीर. जमतंय.

आणि संध्याकाळी ते सूप. मग बघते तर खाली झिजलेला खराटा. मग एक फुटकं मडकं! मी जिच्याकडे उतरले होते त्या मनकर्णाबाईला विचारलं, हे काय? ती शांतपणे भाकरी थापत म्हणाली, “उद्या मारबत ना? घरातली ईडा पिडा तिच्यावर लादून शिवेबाहेर न्यायची असते. तुमची गाडी जाऊनच राह्यली, मंग आमचंबी घेऊन जाईल. एवढी मोठी मारबत कोन्या गावाले भेटते?”

मी म्हटलं, जाऊ दे, सुपाचं वजन ते किती!

रविवारी पहाटे आरडाओरड्याने जाग आली, “घेऊन जा गे मारबत!”, दचकले, उठले, बाहेर आले, तर सहा जोड्या बैल शांतपणे रवंथ करताहेत आणि गाडी नाही! घुमट नाही!

लटारूभाऊ दात घासत होते. “पोरं घेऊन गेली ना धक्का मारत. माह्या बैलाइचं काम वाचलं.”

धावले की मी! चिखलातून, हातात चपला. शिवेवरून गावकरी परत येत होते, त्यांना हाका मारल्या, “अहो, घुमट कुठेय?” कुणी बोलेना, कुणी मागे वळेना! नंतर कळलं, पिडा टाकून आल्यावर मागे बघायचं नसतं, बोलायचं नसतं. शिवेवर गाडी नाही. कशी असेल? दुसऱ्याची पिडा आपल्या शिवेत कोण ठेवून घेईल? पुढच्या गावाने आपली सुपं लावली आणि ढकलली पुढे! त्याच्या पुढच्या गावानेही! चाकोरी ताजी, कडेला खराटे पडलेले, आणि समोरून मुकी माणसं येताहेत, एकाचंही तोंड उघडत नाही... मी घाबरले नाही हं, पण रडू आलं, ते वेगळं.

आणि मध्येच लक्षात आलं, अगं, गाडी जातेय आलापल्लीलाच! बैल नाही, भाडं नाही, लाल शाई नाही, तरी वेळेत! सरांना करायची तार मनात तयार झाली, मी धावतानाच हसले.

आलापल्लीच्या जंगलनाक्यावर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. नाक्याची खिडकी बंद. हाक मारली, “कोणी आहे का? घुमट आला का?” दुसरी हाक. तिसरी. हेही मुके झाले की काय! चौथ्या हाकेला खिडकी उघडली आणि आतल्या गार्डाने कपाळावरचं कुंकू पुसत डोकं बाहेर काढलं.

“ते गोल, मोठं? आलं ना जी! टायमाच्या कितीतरी आधी आलं. आमच्या घरचं सूपबी लावलं अन् धाडलं पुढं, सिरोंचाच्या रस्त्यानं. काऊन बाई, तुमची पिडा राहून गेली काय?”

या वेळी दचकले नाही. खाली बसले.