गाडी भरून बघायची राहिली

सुमनवहिनी, भानुअण्णांच्या गावाकडून आलेली मंडळी, कुरुळीकर ग्रामस्थ आणि पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या माझ्या गॅरेजवाल्या मित्रांनो,

कारखान्यांच्या गेटवर उभं राहून मी आयुष्यभर बोललो. माइक नसला तरी बोललो, समोर पोलीस असले तरी बोललो. आज माइक आहे, डोक्यावर छप्पर आहे, तुम्ही सगळे गप्प बसून ऐकताय, आणि मला सुरुवात सापडत नाही. कारण ज्याच्याबद्दल बोलायचं, तो माझ्या सभेत कायम मागे भिंतीला टेकून उभा असायचा. भाषण लांबलं की सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, "नेते, मुद्द्याला या!"

येतो, अण्णा. आज लवकर येतो.

गुरुवारी सकाळी आपल्या गॅरेजच्या शेडचं शटर वर करता करता अण्णा खाली बसले, ते उठलेच नाहीत. हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला जे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, ते मला सांगायचं आहे. पण त्याआधी अण्णा काम कसं करायचे ते सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

चऱ्होलीला राहायला गेल्यावर माझी गाडी सकाळी सुरू होईना. रोज नाही, मधूनच. एका गॅरेजनं बॅटरी बदलली. दुसऱ्यानं स्टार्टर बदलला. तिसरा म्हणाला, साहेब, गाडी ठणठणीत आहे, तुमचाच काहीतरी भ्रम आहे. कारण टो करून गॅरेजला नेली, फरशीवर उभी केली, की ती शहाण्या मुलीसारखी पहिल्या चावीला सुरू व्हायची. शेवटी कुणीतरी भानुदास मिस्त्रींचं नाव सांगितलं. मी फोनवर माझी कैफियत सुरू केली. पलीकडून लातूरकडचा आवाज आला, "काय व्हायलंय ते ऱ्हाऊ द्या हो. कधी व्हायलंय ते सांगा."

कधी! हा प्रश्न मला आधी कुणी विचारलाच नव्हता.

मी म्हणालो, घरी उभी असली की. "मग घरीच येतो." आले. आमच्या सोसायटीच्या उतारावर गाडी नाक खाली करून उभी असते, ते बघितलं. वॉचमन सकाळी पाइपानं गाडी धुतो, तेही बघत बसले. चहा प्याले. मग काचेखालची जाळी उचकटली आणि आतून काळा, कुजका लगदा काढून माझ्या हातावर ठेवला. दसऱ्याचा झेंडू! आमच्या हिनं घातलेल्या हारातल्या पाकळ्यांनी पाणी जायची नळी तुंबली होती. गाडी उतारावर असली की साठलेलं पाणी वायरींच्या जोडावर चढायचं. सपाट जागी नेली की उतरायचं. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "नेते, तुम्ही देव मानत न्हाईत म्हणे. गाडीला मात्र भक्ती बाधली."

मित्रांनो, आपण शोकसभेत माणसाला संत करून टाकतो. मी करणार नाही. अण्णा तापट होते. स्वतःची तारीफ स्वतःच करायचे, आणि दोष सापडला की आधीच्या मिस्त्रीला फोन लावून डिवचायचे. इथे बसलेल्या किती जणांना तो फोन आलाय? हसू नका. हसा, हसा. रमेशभाऊ, तुम्हाला तर स्पीकरवर टाकून ऐकवलं होतं. अण्णा चुकायचेही. चुकले की दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. पण एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. दोष सापडला नाही म्हणून दोष नाहीच, असं ते कधी म्हणाले नाहीत.

आता मुद्द्याला येतो.

तो दाराजवळ बसलाय, चपलांच्या शेजारी, तो सोपान. याच गावचा पोरगा. चाकणच्या कंपन्यांत कामगार नेणारी बस चालवायचा. पहिल्या शिफ्टची भरलेली बस वळणावर बंद पडली, स्टेअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा झाला, आणि बस दुभाजकावर गेली. एका कामगाराचा पाय मोडला. कंत्राटदारानं बस दोन गॅरेजना दाखवली. स्कॅनर लावला, काही निघालं नाही. चालवून बघितली, काही झालं नाही. मग निकाल काय लागला? सोपान झोपला होता!

का? काय पुरावा? पुरावा हाच, की गाडीत काही सापडलं नाही.

मी आयुष्यभर हेच बघत आलोय. प्रेसमध्ये बोट गेलं, मशीन तपासलं, मशीन ठीक. म्हणजे कामगार बेसावध. क्रेनचा दोर सुटला, दोर ठीक. म्हणजे कामगार प्यालेला. यंत्रात दोष सापडला नाही की तो माणसात सापडतो! माणूस स्वस्त पडतो ना. त्याचा सुटा भाग मागवावा लागत नाही. हाकलला की झालं.

सोपान अण्णांकडे आला तेव्हा मी तिथे होतो. म्हणाला, "अण्णा, मी झोपलो न्हवतो ओ. डोळं टक्क उघडं व्हतं. गाडीच मेली." आणि रडायला लागला. अण्णा खेकसले, "रडायलास कशाला? कधी मेली ते सांग." सोपान म्हणाला, "सकाळी. डाव्या वळणाला. आधी बी गचके द्यायची, पर येताना न्हाई कधी, जातानाच." अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "येताना बस रिकामी असती का?" "व्हय. पोरं उतरलेली असत्यात."

बस्स. एवढंच. आणि अण्णांनी कपाळावर हात मारला. "आरं, समद्यांनी रिकामी बस चालवून बघितली की रे!"

खरं आहे, मित्रांनो. तुम्ही-आम्ही सगळे हेच करतो. कामगार कामावर असतात आणि बस गॅरेजला येते. आपण ती रिकामी पळवतो, आणि म्हणतो ठीक आहे. अण्णांचं म्हणणं होतं, माणसं बसली की बॉडी खाली बसते, वळणावर कलते, आणि खाली कुठली तरी वायर तेवढ्यापुरती ताणली जाऊन इंजिन बंद पडतं. मी म्हणालो, वाळूची पोती भरा. ते म्हणाले, "पोतं जागचं हलत न्हाई, नेते. माणूस वळणाला कलतो. माणसंच पाहिजेत." रविवारी कामगारांना सुट्टी असते, तेव्हा एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर, अगदी बैलगाडीच्या वेगानं, भरलेली बस फिरवून बघायचं ठरलं होतं.

रविवार आज आहे. अण्णा नाहीत.

अण्णांनी तपासायला मागून आणलेली बस त्यांच्या शेडमध्ये उभी आहे. उद्या सकाळी कंत्राटदाराची माणसं ती न्यायला येणार आहेत. ती थेट भंगारात जाणार, असं त्यांनीच सांगितलंय. बस तुटली की वायर तुटली, वायर तुटली की सोपानचं लायसन्स, त्याची रोजी आणि त्याचं नावही तुटलं. तो माणूस म्हातारा होईपर्यंत या गावात 'झोपलेला ड्रायव्हर' म्हणून फिरेल. आणि आपण काय करणार? फोटोला हार घालून, चहा पिऊन घरी जाणार?

मला नाही जमत. सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. आत येताना वहिनींनी माझ्या हातात बसची चावी ठेवली. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, भाषण करा, पण तेवढं गाडीचं बघा. ह्यांच्या जिवाला तेच लागलं होतं."

म्हणून विचारतो. रमेशभाऊ, तुम्ही इथले सगळ्यात चांगले वायरमन. ती बस तुमच्याकडेही आली होती, तुम्हालाही काही सापडलं नव्हतं. त्यात लाज नाही. बसमध्ये पुढे वायरींना मीटर लावून बसाल? ... मान नका हलवू भाऊ, तोंडानं बोला. ... "बसतो." ऐकलंत ना सगळ्यांनी?

सोपान, ऊठ. चपला घाल. वळण तुला माहीत आहे, गाडी तूच चालवायचीस. ही चावी धर. हळू चालव.

बाकीच्यांनो, काही सापडेल याची मी खात्री देत नाही. सापडणार नाही कदाचित. अण्णाही चुकायचे, हे मी आत्ताच सांगितलं. पण भरलेली गाडी कुणी बघितलीच नाही, असं उद्यापासून कुणाला म्हणता येऊ नये. मला बस भरायला माणसं हवीत. ज्याच्या मनात भीती असेल त्यानं येऊ नये, मी त्याला भित्रा म्हणणार नाही. बाया येणार असतील तर त्यांनीही या. वजन वजनच असतं.

आता उभे राहू या. भानुदास मिस्त्रींसाठी दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. ती संपली की घोषणा नको, चहा नको. सरळ बाहेर पडायचं आणि बसमध्ये जागा धरायची. खिडकीसाठी भांडू नका.

वहिनी, तुम्ही पहिल्या सीटवर.